पिकलेला मोतीबिंदू: फेको, बिनटाक्याची छोटी चीर की लेझर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून तपकिरी झालाय, समोर हात हलवला तेवढंच कळतं. डाव्या डोळ्यात मध्यम मोतीबिंदू. तालुक्याच्या डॉक्टरांनी छोट्या चिरेचं बिनटाक्याचं ऑपरेशन, म्हणजे एसआयसीएस, सुचवलं. जिल्ह्याच्या गावी एकांनी फेको, म्हणजे मोतीबिंदू ध्वनिलहरींनी आतच फोडून शोषून घेणं, सांगितलं, दुसऱ्यांनी लेझर. तिन्हींच्या दरात मोठी तफावत आहे आणि घरच्यांना वाटतंय की एसआयसीएस म्हणजे शिबिरातलं, मागे पडलेलं ऑपरेशन.

आधी उत्तर देतो. उजव्या डोळ्यासाठी एसआयसीएस हा पूर्णपणे योग्य सल्ला आहे. तपकिरी, कडक मोतीबिंदूत चांगल्या हातचं एसआयसीएस हे बेताच्या हातच्या फेकोपेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. डाव्या डोळ्यासाठी मात्र फेको जास्त बरं. लेझरची गरज दोन्हीकडे नाही. पद्धत ठरते ती मोतीबिंदू किती कडक आहे, बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या (कॉर्नियाच्या), आतल्या पेशी किती शिल्लक आहेत आणि सर्जनचा हात कशावर बसलेला आहे यावर. दरपत्रकावर ती ठरत नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंगच गढूळ होणं. या भिंगाची रचना आंब्यासारखी समजा: बाहेर पातळ साल म्हणजे कॅप्सूल, आत मऊ गर म्हणजे कॉर्टेक्स आणि मध्ये कोय म्हणजे न्यूक्लियस. पूर्ण भिंगाचा व्यास ९ ते १० मिलिमीटर, जाडी ४ ते ५ मिलिमीटर. मागची साल मध्यभागी जेमतेम ३-४ मायक्रॉन जाडीची असते आणि तीच शाबूत ठेवायची असते, कारण नवी लेन्स तिच्या आधाराने बसते. आजच्या सगळ्या पद्धतींत समोरची साल गोल कापतात, कोय बाहेर काढतात, गर ओढून घेतात आणि उरलेल्या पिशवीत लेन्स ठेवतात. फरक एवढाच की कोय अखंड काढायची की आतच फोडून.

जुन्या पद्धतींबद्दल दोनच वाक्यं, कारण गावाकडे अजून त्याच आठवणी आहेत. पूर्वी सालीसकट सगळं भिंग काढत आणि रुग्णाला +१० च्या आसपासचा भिंगाचा जाड चष्मा लागे. नंतर साल ठेवून १० ते १२ मिलिमीटरच्या चिरेतून कोय काढून टाके घालू लागले. आज कुणी एसआयसीएस म्हणतं तेव्हा ते या दोन्हींपैकी काहीही नसतं. घरच्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

एसआयसीएसमध्ये चीर बुबुळावर नसते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असते. वरची पातळ त्वचा बाजूला करून बुबुळाच्या कडेपासून १.५ ते २ मिलिमीटर मागे ६ ते ७ मिलिमीटरची, दोन्ही टोकं बुबुळापासून दूर वळलेली चीर घेतात. खोली पांढऱ्या भागाच्या जाडीच्या निम्मी. तिथून क्रिसेंट ब्लेडने थरांच्या मधून बोगदा करत पुढे सरकायचं, पारदर्शक बुबुळात १ ते १.५ मिलिमीटर जायचं आणि मग किराटोमने आत शिरायचं. बोगद्याचं आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद, ८ ते ९ मिलिमीटर ठेवतात. ऑपरेशन संपल्यावर डोळ्यातला दाबच बोगद्याचा आतला थर वर ढकलून तो बंद करतो, म्हणून टाका लागत नाही. सगळं कौशल्य या बोगद्यात आहे. ब्लेड उथळ गेलं तर छताला भोक पडतं. खोल गेलं तर वेळेआधीच आत शिरतं, मग बाहुलीचा रंगीत पडदा चिरेत येत राहतो आणि बोगदा नीट मिटत नाही. असं झालं तर टाका घालणं हाच शहाणपणा. बिनटाक्याचं म्हणून सांगितलं होतं आणि एक टाका घातला, तर ती फसवणूक समजू नका. तो सर्जन काळजी घेणारा आहे.

आत शिरल्यावर ट्रायपान ब्लूने साल निळी रंगवतात, कारण पिकलेल्या मोतीबिंदूमागून डोळ्याच्या पडद्याची लाल चमक येत नाही आणि रंगाशिवाय सालीची कड दिसत नाही. एसआयसीएसमध्ये सालीचं तोंड ६ ते ७ मिलिमीटर ठेवावं लागतं, कडक आणि मोठी कोय असेल तर आणखी सैल. तोंड लहान ठेवून कोय जोराने वर ओढली की भिंगाला कडेने धरून ठेवणारे धागे तुटतात. त्यानंतर सालीखाली पाणी सोडून कोय सुटी करायची, हुकने तिची एक कड वर काढायची आणि फिरवत फिरवत पुढच्या कप्प्यात, म्हणजे बुबुळामागच्या पोकळीत आणायची. कोयीच्या वर आणि खाली दोन्हीकडे व्हिस्को, म्हणजे नाजूक भागांना जपणारं घट्ट जेल, भरपूर घालणं इथे जीव की प्राण असतं. वरचं जेल बुबुळाच्या पेशी वाचवतं, खालचं मागची साल. मग पाणी सोडणाऱ्या व्हेक्टिसने (चमच्यासारख्या साधनाने), किंवा ३० गेजच्या सुईचं टोक वाकवून केलेल्या फिशहुकने कोय बाहेर येते. हा फिशहुक नेपाळमधल्या ‘लहान’ नावाच्या गावातल्या डोळ्यांच्या रुग्णालयातून सगळीकडे पोचला. शेवटी सिम्को कॅन्युला या बारीक नळीने गर काढायचा आणि ६ मिलिमीटरची पीएमएमएची (कडक प्लास्टिकची) न दुमडणारी लेन्स ठेवायची. हवी असेल तर याच चिरेतून दुमडणारी लेन्सही बसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

फेको हे लेझर नव्हे. ही समजूत इतकी पसरली आहे की स्वतंत्र सांगावं लागतं. न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली. दातांच्या डॉक्टरांकडचं ध्वनिलहरींचं साफसफाईचं उपकरण पाहून त्यांना ती सुचली होती. फेकोत टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला साधारण ४० हजार वेळा पुढेमागे हलते, कोयीचे तुकडे करते आणि त्याच सुईतून ते शोषले जातात. चीर बुबुळाच्या कडेला २.२ ते २.८ मिलिमीटर, शिवाय बाजूला एक मिलिमीटरच्या आसपासचं छिद्र. सालीचं तोंड ५ ते ५.५ मिलिमीटर, पूर्ण गोल, लेन्सच्या कडेवर सगळीकडून थोडं चढेल असं.

फेकोचं मर्म पायातल्या पॅडलमध्ये आहे. पहिल्या टप्प्यावर फक्त पाणी येतं, दुसऱ्यावर शोषण सुरू होतं, तिसऱ्यावर ध्वनिलहरी. मऊ आणि मध्यम मोतीबिंदूत एक खोल चर खणून कोयीचे दोन आणि मग चार तुकडे करतात, किंवा सुईने कोय पकडून चॉपर या हुकासारख्या साधनाने फोडतात. फोडण्याच्या पद्धतीत ध्वनिलहरी कमी लागतात, म्हणून कडक कोयीत तीच वापरावी. पण तपकिरी कोयीचा मागचा थर चामड्यासारखा चिवट असतो, तो चॉपरला दाद देत नाही. वरून तुकडे झालेले दिसतात, पण तळाशी ते एकमेकांना चिकटलेलेच राहतात. ते सोडवायला सर्जन खोल जातो, आणि त्याच जागी मागची साल कोणत्याही गराच्या गादीविना उघडी असते, कारण फार पिकलेल्या मोतीबिंदूत गर जवळजवळ उरलेलाच नसतो.

दुसरा धोका उष्णतेचा. सुई व्हिस्कोने किंवा तुकड्याने तुंबली आणि पाणी वाहायचं थांबलं की काही सेकंदांत चिरेच्या कडा भाजतात, पांढऱ्या पडतात. मग चीर मिटत नाही, टाके लागतात आणि चष्म्याचा तिरका (सिलिंडर) नंबर येतो. म्हणून तिसऱ्या टप्प्यावर पाय दाबण्याआधी आतलं थोडं व्हिस्को ओढून प्रवाह चालू आहे याची खात्री करायची असते. तिसरा धोका, सुई एखाद्या तुकड्याने बंद असताना तो अचानक आत गेला की साठलेल्या शोषणाने पुढचा कप्पा क्षणात कोसळतो आणि मागची साल सुईकडे उसळते. नवी यंत्रं हे बरंच आवरतात, पण शेवटच्या तुकड्याला शोषण कमी करणारा सर्जनच खरा सुरक्षित.

आता बुबुळाच्या पेशी. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो पाणी उपसून बुबुळ स्वच्छ ठेवतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. वयस्कर माणसात साधारण दर चौरस मिलिमीटरला २००० ते २५०० असतात. ५०० च्या आसपास किंवा खाली गेल्या की बुबुळ कायमचं सुजून पांढरं पडण्याची भीती असते. कडक कोय ध्वनिलहरींनी फोडताना प्रत्येक जादा सेकंदाची किंमत या पेशी मोजतात. एसआयसीएसमध्येही त्या मरतात, कोय बुबुळाला घासली किंवा जेल कमी पडलं तर जास्तच. म्हणून ‘एसआयसीएसने बुबुळाला काही होत नाही’ हेही खरं नाही. पण कोय जितकी कडक, तितका हा हिशेब एसआयसीएसच्या बाजूने झुकतो. पेशी मोजणाऱ्या स्पेक्युलर तपासणीत त्या कमी निघाल्या, किंवा आतल्या थरावर गट्टाटाचे ठिपके असले, तर तपकिरी मोतीबिंदूत फेकोचा आग्रह मी धरू देणार नाही.

निकालांचे पुरावे आपल्याजवळचेच आहेत. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत सुमारे ८१ टक्के होते, एसआयसीएसमध्ये ७१ टक्के. चष्मा लावल्यावर दोन्ही गटांत ९८.४ टक्के. म्हणजे दृष्टी सारखीच, चष्म्याची गरज मात्र एसआयसीएसमध्ये जास्त. नेपाळमध्ये नेत्रसर्जन संदुक रुइत यांच्या चमूने बऱ्याच अंशी पिकलेल्या मोतीबिंदूंवर अशीच तुलना केली, ती २००७ मध्ये आली. तिथे सहा महिन्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ पर्यंत पोचणारे एसआयसीएसमध्ये ८९ टक्के, फेकोत ८५ टक्के होते. पहिल्या दिवशी बुबुळाची सूज एसआयसीएसमध्ये कमी होती आणि ऑपरेशनचा वेळ सरासरी ९ मिनिटं, फेकोत १५.५ मिनिटं. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं: सरसकट मोतीबिंदूत फेको चष्म्याच्या बाबतीत पुढे, पिकलेल्यात तो फायदा उरत नाही.

चष्म्याचा फरक येतो कुठून? ६-७ मिलिमीटरची चीर ज्या दिशेला असते त्या दिशेची बुबुळाची वक्रता थोडी सपाट होते. वरून घेतलेल्या एसआयसीएसच्या चिरेने साधारण १ ते १.५ डायऑप्टरचा (चष्म्याच्या नंबराचं एकक) तिरका नंबर येतो, फेकोच्या चिरेने अर्ध्याच्या आत. उतारवयात बऱ्याच जणांची आडवी वक्रता आधीच जास्त असते. अशा डोळ्यात वरून चीर घेतली तर तिरका नंबर वाढतो, कानाच्या बाजूने घेतली तर आधीचा कमी होतो. उभी वक्रता जास्त असेल तर वरून घ्यावी. एवढं एक पथ्य पाळलं तरी एसआयसीएसचा निकाल फेकोच्या बराच जवळ येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा की चीर कुठल्या बाजूने घेणार आणि का. किराटोमेट्री, म्हणजे बुबुळाच्या वक्रतेचं मोजमाप, पाहून उत्तर मिळालं तर माणूस योग्य आहे.

फेको स्पष्टपणे बरं ठरतं अशाही जागा आहेत. मऊ ते मध्यम मोतीबिंदू. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणं, कारण फेको नुसत्या थेंबांच्या भुलीवर होतं आणि पांढऱ्या भागाला हात लागत नाही, तर एसआयसीएसला बहुधा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन द्यावं लागतं. काचबिंदू असून पुढे त्याचं ऑपरेशन लागण्याची शक्यता असणं, कारण त्यासाठी वरची त्वचा कोरी राहिलेली हवी. तिरका नंबर घालवणारी टोरिक किंवा दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स बसवायची असणं. या ठिकाणी फेकोचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

दुधासारखा पांढरा, फुगलेला मोतीबिंदू वेगळाच. त्यात आत दाब असतो, साल टोचली की ती दोन्ही बाजूंना कडेपर्यंत फाटते आणि मध्ये पांढरा पट्टा, दोन्हीकडे निळा, असं अर्जेंटिनाच्या झेंड्यासारखं दिसतं. आधी पुढचा कप्पा जड व्हिस्कोने दाबून ठेवणं आणि सुईने आतलं दूध ओढून घेणं हा उपाय आहे. असा फुगलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाबही वाढवतो. डोळा लाल होऊन दुखायला लागला, डोकं दुखून उलट्या झाल्या तर दर आणि पद्धतीची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लेझर, म्हणजे फेम्टोसेकंद लेझर, हे फेकोच्या आधीचं एक पाऊल आहे, फेकोची जागा घेणारं नाही. बुडापेस्टमध्ये २००८ पासून त्याचा वापर सुरू झाला. चीर, सालीचं गोल तोंड आणि कोयीचे प्राथमिक तुकडे लेझर करतं, पुढचं काम फेकोच्याच सुईने होतं. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांतला मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साध्या फेकोपेक्षा ते सरस ठरलं नाही. शिवाय फार दाट तपकिरी कोयीत लेझर तळापर्यंत पोचत नाही. वडिलांसारख्या डोळ्यात, जिथे मदतीची खरी गरज आहे, तिथेच ते अपुरं पडतं. त्यावर पैसे खर्च करू नका.

मागची साल फाटणं हा दोन्ही पद्धतींतला मुख्य अपघात. सराईत हातात तो शंभरात एक-दोनदा होतो, कडक मोतीबिंदूत जास्त. फाटल्यावर डोळ्यातलं पारदर्शक जेल पुढे येतं, ते कटरने नीट साफ करून लेन्स सालीच्या पुढच्या बाजूला ठेवता येते. त्या जागी तीन भागांची लेन्स लागते. एका तुकड्याची फोल्डेबल लेन्स तिथे रंगीत पडद्याला घासत राहते, म्हणून टाळायची. फेकोत आणखी एक संकट, फुटलेला तुकडा मागे डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) पडणं. तो चिरेतून हुडकत बसायचं नाही, पडद्याच्या सर्जनकडे पाठवायचं. अखंड कोय काढताना हे क्वचितच घडतं. म्हणूनच साल फाटतेय अशी शंका आली की चीर मोठी करून एसआयसीएसकडे वळता येणारा फेको सर्जन हवा.

ऑपरेशनआधी काही गोष्टी नक्की सांगा. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतलं असेल तर सांगा. त्याने बाहुली नीट मोठी होत नाही आणि रंगीत पडदा ढिला पडून चिरेत येतो. गोळी ऐनवेळी बंद करून उपयोग होत नाही, पण आधी माहीत असेल तर सर्जन हुक किंवा रिंग तयार ठेवतो. मधुमेह, दमा, खोकला, आडवं झोपता येतं की नाही, हेही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

उजव्या डोळ्यात मागचा पडदा (रेटिना) दिसत नसणार, म्हणून बी-स्कॅन सोनोग्राफी करून घ्या. पडदा सुटलेला असेल तर कुठल्याही ऑपरेशनने दृष्टी येणार नाही. डोळ्यावर टॉर्च टाकून बाहुली आकसते का आणि चारही बाजूंचा प्रकाश ओळखता येतो का, हे त्याहून सोपं आणि तितकंच महत्त्वाचं. लेन्सचा नंबर काढताना प्रकाशाने मोजणारी यंत्रं इतक्या दाट मोतीबिंदूत बऱ्याचदा हात टेकतात, मग ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणारा ए-स्कॅन करावा लागतो. त्याचं टोक बुबुळावर दाबलं गेलं तर डोळ्याची लांबी कमी भरते आणि १ मिलिमीटरच्या चुकीला अडीच ते तीन नंबरचा फटका बसतो. पाण्याचा कप ठेवून केलेला इमर्शन ए-स्कॅन जास्त भरवशाचा. चीर २ मिलिमीटरची की ६ ची यावर जेवढा वाद होतो, त्याच्या निम्मी काळजी या मोजमापाची घेतली तर रुग्णांचं जास्त भलं होईल, असं माझं ठाम मत आहे.

जंतुसंसर्ग दोन्हींत दुर्मीळ, पण डोळा घालवणारा. ऑपरेशनआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडिन तीन मिनिटं डोळ्यात ठेवणं आणि शेवटी आत अँटिबायोटिक सोडणं, या दोन गोष्टी तिथे होतात का ते जरूर विचारा.

नंतर चार ते सहा आठवडे सूज कमी करणारे प्रेडनिसोलोनचे थेंब हळूहळू कमी करत, आणि एक-दोन आठवडे अँटिबायोटिकचे. पहिल्या दिवशी कडक मोतीबिंदूनंतर बुबुळ थोडं धूसर असणं अपेक्षित आहे, आठवडाभरात निवळतं. एसआयसीएसनंतर डोळ्याचा पांढरा भाग लाल दिसतो, त्याने घाबरू नका. डोळा चोळायचा नाही, पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, झोपताना कवच लावायचं. चष्म्याचा नंबर एसआयसीएसनंतर सहा आठवड्यांनी, फेकोनंतर चार आठवड्यांनी काढावा. त्याआधी काढलेला नंबर बदलतो आणि पैसे वाया जातात. दुखणं वाढलं, आलेली नजर पुन्हा कमी झाली किंवा चिकट पू आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री सर्जनला फोन करा.

उजवा डोळा स्थिर झाला की, म्हणजे साधारण दीड महिन्याने, डाव्याची तारीख घ्या. तो आत्ता मध्यम आहे, फेकोला सोपा आहे. वर्ष-दोन वर्षं थांबून तोही तपकिरी होऊ दिला तर आज उजव्याबाबत आलेल्या सगळ्या अडचणी त्याच्या बाबतीतही येतील.